मुकुंदरावांची झोप

१

मुकुंदराव डिसेंबरात गेले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांची बायको मला दारातच म्हणाली, "हळू बोल मोहना, ते झोपलेत."

मी चपला काढत होते ती तशीच थांबले. त्याआधी बेल दाबून दाबून माझं बोट दुखायला आलं होतं आणि बेल काही वाजत नव्हती. शेवटी दार वाजवलं, तर वसुंधराने ओठावर बोट ठेवूनच ते उघडलं.

आधीच सांगते, मी हळवी बाई नाही. विमा कंपनीत आलेले दावे खरे की खोटे, ते तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. लोक काय वाटेल ते सांगतात आणि आपण चहा पीत ते ऐकून घ्यायचं असतं. त्या नोकरीने माझा स्वभाव खवचट झाला असं आमच्याकडचे म्हणतात. मी म्हणते, होताच तसा, नोकरीने त्याचा पगार दिला. पण वसू माझी शाळेपासूनची मैत्रीण. बडोद्याच्या निजामपुऱ्यात आम्ही जवळजवळ राहतो. तिचं बोलणं तपासून बघायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिने मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर, डब्यांना टेकवून टॅब ठेवलेला होता. त्यावर चंद्राची कोर, खाली "मुकुंद" असं नाव, आणि एक निळी रेघ हळूहळू पुढे सरकत होती.

"बघ. गाढ झोपेत आहेत," वसू म्हणाली.

टॅबचं प्रकरण मला माहीत होतं. मुकुंदरावांचा सगळा जन्म कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टमध्ये गेला. कधी फर्स्ट, कधी सेकंड, कधी नाइट. निवृत्त झाले आणि रात्री टक्क जागे राहायला लागले. मग ते ध्यानाच्या वर्गाला गेले आणि तिथून कपाळाला लावायचा एक पट्टा घेऊन आले. कापडी, मऊ. तो मेंदूच्या लहरी टिपतो. मन किती शांत झालं, झोप कधी लागली, गाढ लागली की नुसतीच डुलकी, ते सगळं फोनवर दिसतं. वसूच्या टॅबवरही दिसायचं, म्हणजे ते झोपलेले असताना तिने कुकर लावू नये.

"आणि तो पट्टा कुठाय?" मी विचारलं.

"तेच तर. हे गेल्यापासून पट्टा सापडत नाही. मी घर पालथं घातलं. आणि मग एक दिवस टॅबवर हा चंद्र आला."

"अगं, कुणीतरी चोरला असेल."

"मी एम. एस्सी. झालेली बाई आहे, मोहना. आत्मा वगैरे मी म्हणत नाहीये. पण हे बघ." तिने बोटाने मागचे दिवस सरकवले. काही दिवस झोप सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत. मग काही दिवस मध्यरात्रीनंतर. मग काही दिवस रात्री लवकर, पहाटेच्या आत संपलेली. मग पुन्हा सकाळी. "हे यांचं रोटेशन आहे. लग्न झाल्यापासून मी याच हिशेबाने स्वयंपाक केलाय. मला ओळखता येणार नाही?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, मनगटं काटकुळी. तो चंद्र असला की ती जागी राहायची, नसला की तो यायची वाट बघत जागी राहायची. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, मी तिला ओढून अगाशीवर पतंग उडवायला नेलं होतं. अमोघ, तिचा मुलगा, येणार होता. ड्यूटी आहे म्हणाला आणि आला नाही. तळमजल्यावरच्या लक्ष्मणने दिवसभर माझ्या मांज्याची फिरकी धरली आणि ही बाई उंधियुचं ताट अर्धं टाकून खाली पळाली होती. मला वाटलं रडायला गेली. ती टॅब बघायला गेली होती. डॉक्टरांनी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाढवल्या होत्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या बाईला झोप मिळाली नाही तर पुढचं मी सांगू शकत नाही.

"तू आयुष्यभर लोकांची लबाडी शोधलीस," वसू म्हणाली. "माझं एवढं कर. हे कुठे झोपतात ते शोधून दे. मला त्यांना आणायचं नाहीये गं. नुसतं लांबून बघायचंय. आणि अमोघला सांगू नकोस. तो टॅब घेऊन जाईल."

रेघ थांबली. चंद्र गेला आणि तिथे सूर्य आला.

"उठले," ती म्हणाली, आणि मग तिने गॅस पेटवला.

२

पहिला माझा संशय प्रतापसिंहांवर. फतेगंजला ध्यानाचा वर्ग चालवतात. जुन्या सरदार घराण्यातले, बोलतात मराठी, पण तिला गुजरातीचा तडका असतो. तो पट्टा त्यांनी मुकुंदरावांना आधी वापरून बघायला म्हणून दिला होता, आणि त्यांच्या तेराव्यालाही पट्ट्याची चौकशी केली होती हे मी विसरले नव्हते.

"आवो, आवो, मोहनाबेन. बसा ने." त्यांनी पाणी मागवलं. मागच्या काचेच्या कपाटात तसलेच पट्टे ओळीने मांडलेले होते.

"तेराव्याला पट्टा विचारलात. एवढी काय घाई होती?" मी पाणी न पिताच विचारलं.

ते ओशाळले. "भूल झाली माझी. पण पट्ट्यासाठी नाही विचारलं, बेन. असले माझ्याकडे ढीगभर आहेत. त्या पट्ट्यात मुकुंदभाईंचा आवाज आहे. तो वसुंधराबेनना काढून द्यावा असं मनात होतं. ते दिवस तसे, मला नीट बोलता आलं नाही."

"आवाज?"

"पट्टा कानामागे हळू बोलतो ने. श्वास घ्या, सोडा, असं. त्यात इंग्रजी बाईचा आवाज असतो. मुकुंदभाईंना ती बाई बिलकुल आवडायची नाही. म्हणायचे, ही मला झोपवते आहे की बिल मागते आहे? म्हणून मी म्हटलं, तुम्ही स्वतःच बोला आणि स्वतःच ऐका. घरी बसून त्यांनी आवाज भरला. तो पट्ट्यातच राहतो. टॅबवर, फोनवर कुठेच नाही."

वसूने याबद्दल मला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे तिला माहीतच नव्हतं. मुकुंदरावांचा आवाज या शहरात कुठेतरी अजून चालू होता आणि भलतंच कुणीतरी तो ऐकत होतं. मला राग आला. मला राग असा उगाच येत नाही. मला स्वतःलाही तो आवाज ऐकावासा वाटला म्हणून आला.

"दुसऱ्या कुणी पट्टा लावला तर झोप मुकुंदरावांच्या नावावर कशी चढते?"

"पट्टा त्यांच्या नावाने नोंदलेला आहे. फोन कुणाचाही जोडा, माप त्यांच्याच खात्यात जाणार. वापरणाऱ्याला तर खबर पण नसेल की तिकडे कुणी बघतंय."

"हरवला कसा असेल?"

"हरवणार नाही. विसरायचे म्हणून मीच सांगितलं होतं, उशीच्या अभ्र्यात ठेवत जा. तिथेच ठेवायचे."

मी उठले. उशी कुठे गेली ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यावर तुळशीपत्र ठेवून पाणी सोडलं होतं.

३

माणूस गेला की तेराव्याला शय्यादान करतात. गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला, तांब्या. पुढच्या प्रवासात त्याला अंथरूण मिळावं म्हणून. बहुतेक लोक नवं आणतात. मुकुंदरावांनी मात्र सांगून ठेवलं होतं, माझं वापरलेलंच द्या, उगाच बाजार करू नका. तसं त्यांचंच अंथरूण गोविंदगुरुजींना दिलं होतं. आणि एकदा दिलेलं दान परत मागायला कुणी जात नाही. वसूने घर पालथं घातलं, पण तिला त्या उशीची आठवण झाली नाही, ती यामुळेच. जे दिलं ते तिच्या लेखी घरातून गेलंच होतं.

गुरुजी जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत राहतात. दुपारची वेळ, दुकानांची शटरं खाली, पोळात सामसूम. गुरुजी मात्र जागे होते, सुपारी कातरत बसले होते.

"गुरुजी, तुम्ही दुपारचे झोपत नाही?"

"डोळा लागला की यजमानाचा फोन येतो," ते म्हणाले. "सकाळी लग्न, दुपारी वास्तुशांत. आम्हाला कसली झोप."

मी आडपडदा न ठेवता उशीचं विचारलं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग अडकित्ता खाली ठेवला.

"मोहनाताई, शय्यादान घेतो मी, कारण कुणीतरी घ्यायला हवं. पण ते अंथरूण घरात ठेवत नाही. घरच्या बायकांना चालत नाही, आणि खरं सांगू, मलाही त्यावर झोप येणार नाही. गरजूला देऊन टाकतो. अमोघने गाडीतून सगळं आणून इथे उतरवलं, मी त्याला म्हटलं तू जा, आणि संध्याकाळी लक्ष्मणला बोलावून दिलं."

"कोण लक्ष्मण?"

"तुमच्याच निजामपुऱ्यातला. वसुंधराबाईंच्या इमारतीत खाली राहतो. त्यांना सांगू नका हो. नवऱ्याचं अंथरूण आपल्याच पायाखाली आहे हे कळलं तर त्यांना कसं वाटेल? तो बिचाराही कुणाला बोलला नाही. मेलेल्याच्या गादीवर झोपतो म्हणून लोक नावं ठेवतात."

लक्ष्मण. माझी फिरकी धरणारा. रेल्वेत कामाला. त्याची ड्यूटी कधी दिवसाची असते, कधी रात्रीची.

४

लक्ष्मण भुसावळकडचा. बायको-मुलांसह एका खोलीत राहतो. मी विषय काढला तशी त्याच्या बायकोने मान खाली घातली आणि तो म्हणाला, "ताई, चोरी नाही केली. गुरुजींनी दिलं."

"माहीत आहे. मला फक्त उशी दाखव."

त्याने कोपऱ्यातल्या गादीवरून उशी उचलून दिली. मी अभ्र्यात हात घातला. काही नव्हतं. उशी पण कडक, टम्म फुगलेली. मुकुंदरावांची उशी त्यांच्या डोक्याने पोळीइतकी पातळ झाली होती, वसू त्यावरून त्यांना चिडवायची.

"ही बदललीस का?"

"नाही ताई. अशीच आली. गादी जुनी होती, गोधडी जुनी होती, उशी तेवढी नवीकोरी. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आम्हाला पण नवल वाटलं."

त्याच्या फोनवर मी नजर टाकली. तो मुलांच्या हातात होता, त्यांचं कार्टून चाललं होतं. तरी मी एक शेवटची खात्री करून घेतली. वसूकडे जाऊन उत्तरायणचा दिवस टॅबवर काढला. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत "मुकुंद" गाढ झोपले होते. लक्ष्मण त्याच वेळी माझ्या शेजारी उभा राहून फिरकी धरत होता आणि माझा पतंग कापला गेला की मला हसत होता. तेव्हा तो नव्हे.

मग उरलं काय? तेराव्याच्या सकाळी तुळशीपत्र ठेवलं तेव्हा जुनी, पातळ उशी मी स्वतः बघितली होती. गुरुजींनी आलं ते तसंच लक्ष्मणला दिलं, आणि लक्ष्मणकडे पोचली ती नवी. म्हणजे निजामपुरा ते घडियाळी पोळ या रस्त्यात उशी बदलली. आणि त्या गाडीत एकटा अमोघ होता.

अमोघला मी लंगोटात बघितलंय. बापासारखाच रिफायनरीत लागला, टाउनशिपमध्ये एकटा राहतो, अजून लग्न व्हायचंय. पण तो जनरल शिफ्टला. सकाळी आठला आत, संध्याकाळी पाचला बाहेर, आणि गेटवर फोन जमा करावा लागतो, कारण प्लँटमध्ये फोन नेऊ देत नाहीत. आतला माणूस सकाळी अकरा वाजता कपाळाला पट्टा लावून, फोन जोडून झोपणार कसा?

शिवाय शिफ्टला जायचा प्रश्नच नव्हता. शेवटच्या आजारपणात मुकुंदरावांनी त्याचा हात धरून सांगितलं होतं, "शिफ्ट सोड. माझी झोप गेली, तुझी घालवू नकोस." त्याने बापाच्या देखत जनरलसाठी अर्ज दिला होता. मी तिथेच होते.

माझ्याकडे एकच संशयित उरला होता आणि तो तर रोज रिफायनरीच्या गेटच्या आत होता.

५

दोन दिवस मी चिडचिड करत घालवले. भाजीवाल्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी गुजराती शेजारीण जिन्यात भेटली, तिचा जावई जनरल शिफ्टला आहे. मी सहज विचारलं, "जमाई उत्तरायणला आले होते ना?"

"आवेज ने, मोहनाबेन. ते दिवसे तो ऑफिस बंध होय."

मी जिन्यातच बसले. शेजारणीला वाटलं मला चक्कर आली.

उत्तरायणला बडोद्यात कोण कामाला जातं? ऑफिसं बंद, बँका बंद, सगळी अगाशीवर. जनरल शिफ्टला सुट्टी. त्या दिवशी रिफायनरीत फक्त शिफ्टची माणसं असतात, कारण प्लँट पतंगासाठी थांबवता येत नाही. आणि अमोघ आईला म्हणाला होता, ड्यूटी आहे. खोटं बोलायचं होतं तर ताप आला म्हणायचं. पण ते खोटं नव्हतंच. त्याची खरोखर ड्यूटी होती. नाइट करून आला होता, दिवसा झोपून पुन्हा नाइटला जायचं होतं. त्या दिवशी सगळ्या शहरात भोंगे आणि पतंग कापल्याचा "काट्यो छे" असा ओरडा चालू असताना जो माणूस गाढ झोपू शकतो, तो रात्रभर जागून आलेलाच असणार.

वसूने रोटेशन बरोबर ओळखलं होतं. माणूस चुकला होता. नवऱ्याची शिफ्ट जन्मभर मोजलेल्या बाईला त्या घरात आणखी एक शिफ्टवाला असू शकतो हे सुचलं नाही, कारण त्याने शिफ्ट सोडली असं तिने ऐकलं होतं.

आता सांगायचं कसं? तिने मला नवरा शोधायला सांगितला होता. मी खरं सांगितलं की तो चंद्र विझणार. नाही सांगितलं तर ती त्या चंद्रासमोर बसून झिजणार. नोकरीत असताना मी कित्येक दावे फेटाळले आणि रात्री छान झोपले. हा फेटाळायला माझी जीभ उचलत नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षाने कोयलीला गेले. अमोघच्या दारापाशी उभी राहून वसूला फोन लावला.

"काय गं? हळू बोल, ते झोपलेत," ती कुजबुजली.

"टॅब समोर आहे?"

"आहे की. गाढ आहेत. निळी रेघ अगदी तळाला."

"बघत राहा," मी म्हटलं आणि अमोघच्या दाराची बेल दाबली.

आत बेल वाजली. पुन्हा दाबली.

"अगं," वसूचा आवाज बदलला. "रेघ वर आली. मोहना, जागे झाले बघ. असे मधेच कधी उठत नाहीत."

"मी येते तुझ्याकडे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दार उघडलं. अमोघ डोळे चोळत उभा होता. केस विस्कटलेले, आणि कपाळावर तो पट्टा.

"मावशी?" तो म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

मी आत गेले. पलंगावर मुकुंदरावांची पातळ उशी होती, निळ्या पट्ट्यांच्या अभ्र्यातली. तो तिच्याशेजारी बसला, शाळेत पकडल्यासारखा.

"रस्त्यात गाडी थांबवली आणि नवी उशी घेतली," तो म्हणाला. "मला ती देववेना, मावशी. पाणी सोडून झालं होतं, दान झालं होतं, तरी मी काढून घेतली. वर बाबांना उशी मिळाली नसेल तर ती माझ्यामुळे. पट्टा आत आहे हे नंतर कळलं. लावला तर..." त्याने उशीवरून हात फिरवला. "तर बाबा बोलायला लागले."

"आणि शिफ्ट?"

"जनरलला रात्री घरी असायचो. झोप यायची नाही. म्हटलं, जागायचंच आहे तर कामावर जागू. पुन्हा शिफ्ट मागून घेतली. आईला कसं सांगणार? बाबांना शब्द दिला होता."

"काय म्हणतात ते?"

"शिफ्टवरून आल्यावर स्वतःशी बोलायचे ना, तसंच. चल, ड्यूटी संपली. बूट काढ. पाय वर घे. श्वास सोड. आता तुला कुणी उठवणार नाही." त्याने नाक पुसलं. "ते ऐकलं की मला झोप लागते. त्याशिवाय लागत नाही. आईला सांगू नकोस."

"तुझ्या आईने बेल बंद करून ठेवलीय," मी म्हटलं.

"का?"

मग मी त्याला टॅबचं सांगितलं. चंद्राचं, निळ्या रेघेचं, न लावलेल्या कुकरचं. तो ऐकत राहिला आणि शेवटी उठून तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

७

आम्ही दोघं गेलो तेव्हा वसू दारातच उभी होती. अमोघच्या हातात पट्टा होता. तिने आधी पट्ट्याकडे बघितलं, मग त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडे. मला एक वाक्यही बोलावं लागलं नाही. ती हुशार बाई आहे, एम. एस्सी. झालेली.

"म्हणजे ते नाहीतच," ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. डिसेंबरात सगळ्यांसमोर ती इतकी रडली नव्हती. "आज पुन्हा गेले गं," एवढंच दोनदा म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

अमोघ तिच्या पायाशी जमिनीवर बसला. "आई, चुकलं माझं. उशी पण, शिफ्ट पण."

तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं.

"उत्तरायणला इतका गाढ झोपला होतास," ती म्हणाली. "मी म्हटलं, बरं झालं, विश्रांती मिळतेय. आणि परवा सकाळी सारखा जागा होत होतास. का?"

"तुझा फोन झाला होता. माझ्याकडे चल म्हटलं तर तू नाही म्हणालीस."

"मी इथून हलले तर यांच्या झोपेकडे कोण बघणार, म्हणून नाही म्हटलं." तिने टॅबकडे बघितलं. "म्हणजे इतके दिवस मी तुझीच झोप राखत होते."

त्याने डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं.

"उशीची काळजी करू नकोस," ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "यांना काही कमी पडलं तर वर गेल्यावर बोलणी मीच खाणार आहे, सवय आहे मला. शिफ्ट करायची तर कर. पण नाइट झाली की इथे यायचं झोपायला. बेल बंदच आहे."

मग अमोघने पट्टा तिच्या हातात दिला. बाबांचा आवाज त्यात आहे, हे त्यानेच सांगितलं. पट्टा कसा लावायचा हे तिला इतक्यांदा बघूनही आठवेना, त्याने तो तिच्या कपाळाला लावून दिला.

तिने डोळे मिटले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. आधी तिच्या ओठांची हालचाल झाली, ती त्यांच्याबरोबर शब्द म्हणत होती की काय कोण जाणे. मग ती अगदी स्तब्ध झाली. इतका वेळ गेला की मला वाटलं आवाज संपला असेल, मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला गप्प केलं. आणि मग एकदम ती लाजून हसली. तसं हसताना मी तिला लग्नानंतरच्या वर्षात बघितलं होतं.

तिने पट्टा काढला.

"अमोघ, हे तू शेवटपर्यंत ऐकलंस कधी?"

"नाही. त्याआधीच झोप लागते."

"नंतर बराच वेळ काहीच नाही. नुसता यांचा श्वास. बंद करायचं विसरले असणार, विसरायचेच. मग मी आतून विचारते, अहो, चहा टाकू का? आणि हे म्हणतात, टाक, आलोच."

तिने पट्टा अमोघच्या कपाळाला लावला आणि मागून नीट बसवला.

"सुरुवातीचं तू घे," ती म्हणाली. "शेवटचं माझं आहे."